बॅटरी रात्रीतून का उतरते?

मोटारीची बॅटरी एकदा उतरली तर मनुष्य स्वतःला दोष देतो, दुसऱ्यांदा उतरली तर बॅटरीला देतो, आणि तिसऱ्यांदा उतरली की दुकानात जाऊन नवी विकत आणतो. ती नवी बॅटरीही महिन्याभरात तशीच उतरली म्हणजे मग गाडीचाच वीट येतो. हुबळीच्या देशपांडे नगरात काय किंवा बेळगाव-कोल्हापुरात काय, हा अनुभव घेतलेली घरे थोडी नाहीत. यात पैसा जातो हे खरेच. पण रात्री दोन वाजता घरातल्या रोग्याला घेऊन निघावे आणि किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक ऐकू यावी, हा प्रसंग पैशाच्या नुकसानीहून कठीण.

हुबळीकरांना ही गोष्ट पाण्याच्या उदाहरणाने चटकन पटेल. कित्येक दिवसांआड येणारे नळाचे पाणी हौदात साठवून इथल्या घरांनी वर्षानुवर्षे काढली आहेत. हौद रिकामा आढळला की गृहिणी तीनच शंका घेते. हौद मुळात भरलाच नसेल, हौदाला तडा गेला असेल, किंवा एखादा नळ रात्रभर गळत राहिला असेल. बॅटरीच्या बाबतीतही शंका या तीनच आहेत. तिन्हींचे उपाय मात्र निराळे. कोणती शंका खरी हे न ठरवता बॅटरी बदलणे म्हणजे नळ गळत असताना हौद नवा बांधणे होय.

पहिली शंका दूर करण्यास विजेच्या सामानाच्या दुकानातला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी, काहीही सुरू करण्यापूर्वी मोजावी. सुमारे १२.६ व्होल्ट भरले तर ती पूर्ण चार्ज झालेली आहे, १२.४ म्हणजे पाऊण. १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन सुरू करून पुन्हा मोजावे. आता आकडा साधारणपणे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान गेला पाहिजे. तो १२ च्या आसपासच घुटमळत असेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज निर्माण करणारे यंत्र, किंवा त्याचा पट्टा दोषी आहे. यंत्र निर्दोष असूनही हौद अपुरा भरण्याचे एक कारण आपल्या सवयीत असते. घरापासून दुर्गदबैलच्या बाजारापर्यंत जायचे, गाडी बंद करायची, पुन्हा सुरू करून परत यायचे, एवढाच जिचा नित्यक्रम, त्या गाडीला खर्च झालेली वीज भरून काढण्यास वेळच मिळत नाही. आठवड्यातून एकदा धारवाडला जाऊन येणे तिला मानवते.

दुसरी शंका बॅटरीच्या प्रकृतीची. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसे आणि गंधकाम्ल यांपासून जो विद्युत्घट सिद्ध केला, त्याचेच सहा वंशज आजच्या बारा व्होल्टच्या बॅटरीत शेजारी शेजारी बसलेले असतात. वीज खर्च होते तसतसे पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटाचे थर जमतात, आणि चार्ज करताना ते विरघळतात. परंतु उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर हे थर कठीण होतात आणि पुन्हा पूर्णपणे विरघळत नाहीत. म्हणून बॅटरी प्रत्येक वेळी उतरताना आपल्या आयुष्याचा एक तुकडा गमावून बसते, आणि मूळ कारण शोधले नाही तर नव्या बॅटरीचीही तीच गत होते. परीक्षा सोपी आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करावी, ऋण अग्राची तार सोडून ठेवावी, आणि दोन दिवसांनी मोजावे. एकटी असतानाही ती उतरली तर दोष तिचा. एकटी असताना टिकली आणि गाडीला जोडल्यावर उतरली, तर चोर गाडीत आहे.

हा चोर लहान असतो, म्हणूनच तो सापडत नाही. स्टार्टर दीड-दोनशे अँपिअर खेचतो, पण दोन-तीन सेकंदच. उलट डिकीतला पाच वॉटचा दिवा अर्धा अँपिअरही घेत नाही. पण सवाई गंधर्व सभागृहातील मैफल आटोपून घरी आल्यावर डिकी नीट न लागल्यामुळे तो जळत राहिला, तर दिवसाला सुमारे दहा अँपिअर-तास गिळतो. पंचेचाळीस अँपिअर-तासांची बॅटरी त्याला चार-पाच दिवसही पुरत नाही. घड्याळ, कुलपाचा रिमोट वगैरेंसाठी निजलेली गाडीही थोडी वीज घेतेच. पण ती ५० मिलिअँपिअरच्या आत असली तर काळजी नसावी.

मोजायचे असे. ऋण अग्राची तार सोडून तार आणि अग्र यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावून जोडावा. दारे, डिकी लावून गाडी कुलूपबंद करावी व किल्ली दूर ठेवावी; किल्ली जवळ असली तर काही नव्या गाड्या जाग्याच राहतात. मग अर्धा-पाऊण तास थांबावे. घाईने घेतलेला आकडा फसवतो, कारण गाडीतली यंत्रे सावकाश निजतात. मीटर मध्ये असताना किल्ली फिरवू नये, नाहीतर मीटरचाच फ्यूज उडेल. आकडा शंभर-दोनशेच्या वर राहिला तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजबरोबर आकडा एकदम खाली येईल, त्याच्या मंडळात चोर आहे. फ्यूजपेटी दाराआड असेल तर दाराची कडी आधीच हाताने लावून ठेवावी, म्हणजे दार उघडले तरी दिवे जागे होणार नाहीत. मागाहून बसवून घेतलेली वाद्ययंत्रे आणि कॅमेरे यांच्यावर माझा पहिला संशय असतो. त्यांच्या तारा पुष्कळदा थेट बॅटरीला जोडलेल्या आढळतात.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर अल्टरनेटरमधील डायोड पाहावेत. विजेला एकाच दिशेने जाऊ देणारी ही दारे; त्यांतले एक बिघडले की रात्री वीज उलटी झिरपते. बॅटरी सोडून अल्टरनेटरची जाड तार काढावी, उघडे टोक कापडात गुंडाळावे आणि मीटर पुन्हा लावून पाहावा. आकडा पडला, तर तो कागदावर टिपून मिस्त्रीकडे न्यावा. बॅटरीच्या दुकानात जाण्याचे कारण उरत नाही.