पानगळ आणि पुनर्रचना

आजारी कारखान्याच्या 'पुनर्रचने'चा विषय निघाला की निसर्गाचा दाखला हटकून दिला जातो. वृक्षदेखील जगण्यासाठी पाने गाळतो. मग गिरणीने माणसे कमी केली तर बिघडले कोठे? दाखला सुबक आहे. तो देणाऱ्यांनी सागाची पानगळ मात्र नीट पाहिलेली नसावी.

जमिनीतील ओल हटू लागली की साग पान टाकण्याची सिद्धता करतो. परंतु त्याआधी हरितद्रव्य मोडून पानातील नत्र, आणि त्याबरोबर स्फुरद व पालाश, यांचा बराचसा अंश फांद्यांत आणि खोडात परत ओढून घेतला जातो. देठाच्या बुडाशी पेशींचा एक निराळा थर तयार होतो. पान तेथूनच सुटते आणि व्रणावर बुचासारखे आवरण चढते. कॅल्शियम परत घेता येत नाही, ते पानाबरोबर खाली जाते खरे. पण जाते ते बहुधा त्याच झाडाच्या मुळांशी. उरलेले काम वाळवी, बुरशी आणि पाऊस करतात.

मुंबईत काय घडले? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार उतरले. विणकाम यंत्रमागांकडे सरकण्यास त्यापूर्वीच आरंभ झाला होता; संपकाळात त्या ओघाला जोर चढला. भिवंडीत विणलेले कापड गिरणीच्या छापाने विकले जाऊ लागले. धंद्याच्या हिशेबाने ही जुळवणी चतुराईची होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण साळखात्यात पिढ्यानपिढ्या मुरलेले कसब कोणत्या फांदीने परत घेतले? ते भाजीच्या गाडीवर आणि पहारेकऱ्याच्या स्टुलावर जाऊन बसले.

राहता राहिली जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले : मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. पान मुळांशी पडावे अशी निदान ही तजवीज होती. २००१ मध्ये त्या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी मूळच्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. बांधकामे पाडून रिकामी होणारी जागा हिशेबातून सुटली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच्या विरुद्ध निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवून दुरुस्ती वैध ठरवली. पुढे म्हाडाकडे घरासाठी अर्ज करणारे कामगार आणि त्यांचे वारस यांची संख्या दीड लाखाच्या वर गेली.