ब्लीडिंग हार्टचा ‘ब्रेक’

लंडनमधल्या आमच्या घरामागची बाग म्हणजे नुसती सावली! मग नर्सरीतून ब्लीडिंग हार्ट आणलं. रॉबर्ट फॉर्च्यूनने 1840च्या दशकात चीनहून इंग्लंडला आणलेलं हेच ते झाड. मे महिन्यात वाकलेल्या दांडीवर गुलाबी बदाम ओळीने लटकले. एकदम फिदा!

जुलैत मात्र पानं पिवळी पडून झाड गायब. पाणी वाढवलं, शेवटी खुरपं घेऊन उपटायला निघाले. शेजारच्या आजींनी अडवलं, ‘‘मेलं नाही, झोपलंय!’’

तेव्हा दोस्तहो, मुळं ठिसूळ असतात, उकरू नका. कंपोस्ट घाला, पाणी साचू देऊ नका. शेजारी नेचे लावले की रिकामी जागा झाकते. झाड विषारी आहे, मुलांना जपा.

मार्चमध्ये लालसर कोंब वर आले. त्या दिवशी ऑफिसला चक्क लेट झाले!