दुधाचे दूध, पाण्याचे पाणी

दूध पांढरे असते. पाणी घातलेले दूधही पांढरेच असते. हळद पिवळी असते. रंग घातलेली हळदही पिवळीच दिसते. कधी कधी ती खऱ्या हळदीपेक्षा जास्त पिवळी दिसते. मग खरे कोणते आणि खोटे कोणते, हे कसे ओळखायचे? डोळ्यांना ते कळत नाही. जिभेलाही पुष्कळदा कळत नाही.

हे ओळखण्यासाठी सरकारने प्रयोगशाळा काढल्या आहेत. प्रयोगशाळा म्हणजे वस्तू तपासून पाहण्याची जागा. पुण्याला राज्य आरोग्य प्रयोगशाळा आहे. तेथे पाणी तपासतात, अन्नही तपासतात. दुसऱ्या शहरांतही अशा प्रयोगशाळा आहेत. तेथली माणसे काम कसे करतात, ते आज आपण पाहू.

समजा, आपल्याच गावची एक मुलगी आहे. ती शिकली आणि अशा प्रयोगशाळेत नोकरीला लागली. दिवाळीला ती घरी आली आहे. संध्याकाळच्या धारा काढून झाल्या आहेत. तिचे आबा ओट्यावर बसले आहेत. आबांच्या दोन म्हशी आहेत. ते डेअरीला दूध घालतात. त्यांच्या मनात बरेच दिवस एक शंका घोळत होती.

"पोरी, तू तिथं दिवसभर करतेस तरी काय?"

"लोकांचं दूध, तूप, तेल, तिखट तपासते, आबा."

"म्हणजे चाखून बघतेस व्हय?"

मुलगी हसली. "छे! तिथं काहीच तोंडात घालायचं नाही. हा पहिला नियम."

नियम बरोबरच आहे. तपासणीला आलेले दूध वाटेत नासू नये म्हणून त्यात फॉर्मलिन नावाचे औषध घालतात. २५ मिलिलिटर दुधाला दोन थेंब पुरतात. फॉर्मलिन विषारी असते. असे दूध तपासायचे, प्यायचे नाही.

नाव नाही, आकडा आहे

तपासणीला आणलेल्या वस्तूला नमुना म्हणतात. नमुना घ्यायला अन्न सुरक्षा अधिकारी जातो. तो दुकानदाराला नमुन्याचे पैसे देतो. फुकट घेत नाही. साक्षीदार बोलावतो. मग नमुन्याचे चार भाग करतो, ते बाटल्यांत भरतो आणि बाटल्यांना सील लावतो. एक भाग प्रयोगशाळेत जातो. बाकीचे राखून ठेवतात. पुढे भांडण निघाले, तर ते उपयोगी पडतात. चौथा भाग दुसऱ्या मान्य प्रयोगशाळेत तपासून घ्या, असे दुकानदारालाही म्हणता येते.

दूध घेण्याआधी ते नीट ढवळावे लागते. का बरे? साय वर येते, म्हणून. न ढवळता वरचे घेतले, तर पातळ दूधही दाट ठरेल. खालचे घेतले, तर चांगले दूधही पातळ ठरेल. पहिल्या चुकीत चोर सुटतो. दुसऱ्या चुकीत साव अडकतो. दोन्ही वाईटच.

बाटली प्रयोगशाळेत आली की आधी तिचे सील पाहतात. सील फुटलेले असेल, तर तसे लिहून ठेवतात. बाटलीवर दुकानदाराचे नाव नसते. त्या जागी एक आकडा असतो. दूध कोणाचे, हे तपासणाऱ्याला ठाऊक नसते. गरिबाचे की श्रीमंताचे, ओळखीच्याचे की परक्याचे, त्याला काही कळत नाही.

आबा थोडे पुढे सरकले. "अन् समजा, माझंच दूध तुझ्या टेबलावर आलं तर?"

"मला कळणारच नाही, आबा."

"आणि कळलंच तर?"

"तर मी साहेबांना सांगीन. ती बाटली दुसऱ्या कुणी तरी तपासायची."

आबा गप्प बसले. मुलीचे उत्तर त्यांना थोडे कडू लागले. पण ते खोटे आहे, असे काही त्यांना म्हणता येईना. कायदाही असेच सांगतो. अन्न बनवण्याच्या किंवा विकण्याच्या धंद्यात ज्याचा पैसा गुंतला आहे, त्याला अन्न विश्लेषक नेमता येत नाही. अन्न विश्लेषक म्हणजे तपासणीच्या दाखल्यावर सही करणारा अधिकारी.

एका तपासणीने भागत नाही

लॅक्टोमीटर आपण डेअरीत पाहिला आहे. तो काचेचा असतो आणि दुधात तरंगतो. दूध पाण्यापेक्षा थोडे जड असते. एक लिटर पाणी एक किलो भरते. एक लिटर दूध एक किलोच्या वर साधारण ३० ग्रॅम जास्त भरते. दुधात पाणी घातले की दूध हलके होते आणि लॅक्टोमीटर खोल बुडतो. चोरी पकडली जाते.

पण चोर शहाणा असतो. तो आधी साय काढतो. साय हलकी असते. ती काढली की उरलेले दूध जास्त जड होते. मग तो पाणी घालतो. वजन पुन्हा होते तेवढे होते. लॅक्टोमीटर म्हणतो, "दूध चांगले आहे." लॅक्टोमीटर फसला!

म्हणून फॅटही पाहावी लागते. फॅट म्हणजे दुधातले तूप. ती मोजायची एक रीत गर्बर या स्विस माणसाने शोधली. तिचे पेटंट त्याने १८९१ साली घेतले. ती रीत आजही चालते. रीत अशी आहे:

बारीक मानेची काचेची एक खास नळी असते. मानेवर आकडे असतात. नळीत आधी १० मिलिलिटर गंधकाचे तेजाब घालायचे. मग १०.७५ मिलिलिटर दूध अगदी हळू सोडायचे. शेवटी १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालायचे. बूच घट्ट बसवून नळी हलवायची. नळी हाताला चटका देण्याइतकी तापते. दूध काळपट तपकिरी होते. मग ती नळी यंत्रात घालून गरगर फिरवायची. तेजाबाने बाकीचे सारे विरघळते. तूप तेवढे वेगळे होऊन मानेत चढते. तेथला आकडा वाचायचा.

हे काम घाईने करून चालत नाही. दूध एकदम ओतले, तर ते उसळते. बूच सैल राहिले, तर उडते. तेजाब अंगावर पडले, तर कातडी जळते. म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि अंगात जाड कोट घालावा लागतो. मुलीच्या कोटाला दोन भोके पडली होती. आईने विचारले तेव्हा ती म्हणाली, "तेजाबाचे थेंब उडाले. म्हणून तर कोट असतो, आई."

फॅट मोजून झाली, तरी काम संपत नाही. दूध पुरते आटवले की किती ऐवज उरतो, तेही पाहायचे असते. छोट्या ताटलीत मोजून दूध घ्यायचे. ते वाफेवर आटवायचे. मग भट्टीत वाळवायचे, थंड करायचे आणि तोलायचे. तोलून झाले की पुन्हा भट्टीत ठेवायचे आणि पुन्हा तोलायचे. वजन घटायचे थांबले म्हणजे सारे पाणी गेले, असे समजायचे. हा तराजू काचेच्या पेटीत असतो. ग्रॅमचा दहा हजारावा भागसुद्धा तो दाखवतो. पंख्याचा वारा लागला, तरी वजन चुकते. अशी एक तपासणी दोनदा करतात. दोन आकडे जुळले नाहीत, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता दुधाची यंत्रेही निघाली आहेत. दूध आत गेले की थोड्या वेळात आकडे दिसतात. पण यंत्र खरे बोलते की नाही, हे पाहायला हातची तपासणी लागतेच.

तुपाची आणि शेंगांची गोष्ट

पूर्वी लोक चांगल्या तुपात वनस्पती तूप मिसळत. ते ओळखणे अवघड होते. म्हणून सरकारने एक युक्ती केली. वनस्पती तुपात शेकडा ५ भाग तरी तिळाचे तेल असलेच पाहिजे, असा नियम केला. तिळाच्या तेलाला एक खोड आहे. त्यात मिठाचे तेजाब आणि फरफ्युराल नावाचे औषध घालून हलवले की खाली बसलेले तेजाब लालसर होते. गाई-म्हशीच्या तुपाने असा रंग येत नाही. म्हणजे चोराच्या मालालाच घंटा बांधली म्हणायची!

काही दोष तर माणसाने केलेले नसतात. भुईमुगाच्या शेंगा ओल्या राहिल्या की त्यांना बुरशी येते. एका जातीची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडात एक लाखावर टर्की कोंबड्या मेल्या. त्यांच्या खाद्यात असली भुईमुगाची पेंड होती. १९७४ साली गुजरात आणि राजस्थानातल्या काही खेड्यांत लोकांनी बुरशी आलेला मका खाल्ला. शंभरावर माणसे दगावली. हे विष नेहमीच्या शिजवण्याने जात नाही.

ते प्रयोगशाळेत कसे सापडते? शेंगदाण्यातून ते औषधाने काढून घेतात. त्याचा ठिपका काचेवर ठेवतात. अंधाऱ्या खोलीत खास दिवा लावतात. विष असेल तर ठिपका निळा किंवा हिरवा चमकतो. म्हणून शेंगा चांगल्या वाळवाव्या. बुरशीचे दाणे माणसांना देऊ नयेत, गुरांनाही देऊ नयेत.

आपला हक्क

भेसळ रोखण्यासाठी १९५४ साली कायदा झाला. पुढे २००६ साली अन्न सुरक्षा आणि मानके कायदा झाला. ५ ऑगस्ट २०११ पासून तो लागू झाला. नमुना पोचल्यापासून १४ दिवसांत तपासणीचा दाखला द्यावा, असे हा कायदा सांगतो. दाखला मान्य नसेल, तर दुकानदाराला ३० दिवसांत अपील करता येते.

या कायद्याने गिऱ्हाइकालाही हक्क दिला आहे. आपण विकत घेतलेली वस्तू आपण स्वतः अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. त्यासाठी फी भरावी लागते. "ही वस्तू मी तपासायला देणार आहे," असे दुकानदाराला घेतानाच सांगावे लागते. वस्तू खराब निघाली, तर फी परत मिळते.

मुलीचे सांगून झाले. आबा बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "पोरी, एक विचारू? मी दुधात पाणी घालत नाही. पण किटली विसळली की घाईत थोडं पाणी तळाला राहतं. त्याचं काय?"

"तेही पाणीच, आबा. ते कसं आलं, हे तपासणीला कळत नाही. पाणी आहे, एवढंच कळतं."

"मग माणूस खोटा नसला, तरी खोटा ठरायचा."

"म्हणून तर आम्ही दोनदा तोलतो. तुम्ही एकदा किटली निथळा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगी उठली तेव्हा धुतलेली किटली ओट्याच्या कडेला पालथी ठेवलेली होती. आबा धार काढायला बसले होते.