बेरीआच्या नियमपत्रांतील एक शब्द

अमेरिकेंतील केंटकी राज्यांत बेरीआ येथें जॉन फी या पाद्र्यानें चर्च व १८५५ त एका खोलीची शाळा काढली. फी हा गुलामांच्या मालकाचा मुलगा. गुलामगिरीस विरोध केल्यामुळें बापानें त्यास वारसा नाकारला. तेथील कॉलेजच्या १८५९ च्या नियमपत्रांत पंथाभिमान व गुलामगिरी यांच्या जोडीस ‘कास्ट’ हीही त्याज्य ठरविली आहे. हा शब्द मूळचा पोर्तुगीज, ‘कास्ता’. गोव्यास आलेल्या पोर्तुगीजांनीं तो आपल्या जातींस लाविला. पुढें इंग्रजींतून अमेरिकेस पोंचून तो गोऱ्याकाळ्यांच्या भेदास लागू झाला. ‘वर्ण’ शब्दांत रंग व समाजविभाग हे दोन्ही अर्थ नांदत असल्यानें आपणांस या प्रवासाचें नवल वाटूं नये. मिशनचीं जुनीं दफ्तरें म्हणजे केवळ धर्मांतराचीं टिपणें, असें समजून आपले संग्राहक तीं बाजूस टाकतात, तें मात्र योग्य नव्हे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सशस्त्र जमावानें फीच्या मंडळीस गांव सोडावयास लाविलें. यादवी युद्धानंतर शाळा पुन्हां भरली. १८६६-६७ च्या पटावर १८७ नांवें आहेत: ९६ कृष्णवर्णीयांचीं, ९१ गोऱ्यांचीं. फीच्या साऱ्या उपदेशापेक्षां हे दोन आंकडे मला अधिक बोलके वाटतात.

फी १९०१ त वारला. १९०४ त केंटकीच्या विधिमंडळानें अशा मिश्र शाळांवर बंदी घातली. दंड १००० डॉलर. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून १९०८ त हरलें. निकालाविरुद्ध मत देणारे न्यायमूर्ति हार्लन हे केंटकीचेच होते. कृष्णवर्णी विद्यार्थ्यांसाठीं १९१२ त लिंकन इन्स्टिट्यूट ही निराळी शाळा सुरू झाली. बेरीआचें दार त्यांस पुन्हां उघडलें तें कायद्यांत दुरुस्ती झाल्यावर, १९५० त.