‘खुकरी’ची शेवटची रात्र

९ डिसेंबर १९७१. भारत-पाकिस्तान युद्ध सुरू होतं. पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात मुंबईहून निघालेली भारतीय नौदलाची युद्धनौका ‘खुकरी’ दीवजवळच्या समुद्रात होती. पाण्याखालच्या पाणबुड्या आवाजावरून शोधणाऱ्या ‘सोनार’ यंत्रणेच्या प्रयोगासाठी तिचा वेग कमी ठेवला होता, आणि तेच घातक ठरलं. रात्री नऊच्या सुमारास ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीचा टॉर्पेडो तिला लागला. काही मिनिटांत युद्धनौका बुडाली.

१८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले.

‘खुकरी’चे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं. माणसांना बाहेर काढता काढता ते जहाजाबरोबरच गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. वाचलेल्यांना ‘कच्छल’ या नौदलाच्या जहाजाने दुसऱ्या दिवशी समुद्रातून उचललं. दीवच्या किनाऱ्यावरच्या स्मारकात, काचेच्या पेटीत ‘खुकरी’ची प्रतिकृती आहे.