कोपऱ्यापासून तिसरा

नाशिकचा आकाश शिंदे चढाईत पकडला गेला, की मॅटबाहेर जाऊन बसतो. परत यायचं त्याच्या हातात नसतं. त्याच्या संघाने समोरचा एक गडी बाद केला, तर इकडचा एक जण आत येतो, तोही ज्या क्रमाने बाद झाला त्याच क्रमाने. दुसऱ्या चढाईपटूने गुण आणला तर उत्तमच. नाहीतर सगळी भिस्त बचावावर. प्रतिस्पर्धी चढाईला येतो, कोपऱ्यातला रक्षक त्याचा घोटा धरतो आणि मधून कोणीतरी अख्ख्या अंगानिशी येऊन त्याला रेषेबाहेर भिरकावतो. शिट्टी वाजते. आकाश धावत आत शिरतो, कॅमेरा त्याच्याकडे वळतो. भिरकावणारा तोवर आपल्या जागी उभाही राहिलेला असतो.

वर्तमानपत्रं त्याला मध्यरक्षक म्हणतात, मैदानावर तो कव्हर. सात जणांच्या रांगेत डावीकडून तिसरा हा एक, उजवीकडून तिसरा हा दुसरा. म्हणजे कव्हर दोन, आणि त्यांच्या मधोमध एकजण. कोपरारक्षकाची पकड दिसते, तिचं कौतुक होतं, कारण घोट्यात हात घालून आडवं पडणं नजरेत भरतं. कव्हरचं काम बहुतेक वेळा दुसऱ्याने सुरू केलेलं पुरं करण्याचं. त्यात एक अन्याय आहे: पकडीचा गुण सहसा ती सुरू करणाऱ्याच्या नावावर लागतो. ओढून आणणाऱ्या माणसाच्या खात्यात पुष्कळदा काहीच जमा होत नाही.

त्याची मुख्य हत्यारं दोन, धडक आणि ब्लॉक. चढाईपटू बाजूच्या रेषेकडे सरकला, की खांदा त्याच्या छातीवर किंवा बरगडीवर घालून त्याला बाहेर ढकलायचं, ही धडक. तो परत पळू लागला, की त्याच्या आणि मध्यरेषेच्या मध्ये भिंत होऊन उभं राहायचं, हा ब्लॉक. वाचायला सोपं आहे. चढाई तीस सेकंदांची; मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, आणि तिथून माघारी झेपावायला चांगल्या चढाईपटूला पापणी लवण्याइतका वेळ पुरतो. कव्हर आधी गेला तर हात लागून एक गुण फुकट. उशिरा गेला तर चढाईपटू कोपऱ्यातल्या रक्षकाला फरफटत मध्यरेषा गाठतो.

खरी गोम तर याच्याही पुढे आहे. झटापटीत चढाईपटूला ज्याचा ज्याचा स्पर्श झाला, तो प्रत्येक जण पकड फसल्यावर बाद होतो. कोपऱ्याची पकड सुटत चालली आहे हे दिसत असताना कव्हरने उडी घेतली, तर एकाऐवजी दोन गुण जातात. न घेतली तर साथीदाराला वाऱ्यावर सोडल्यासारखं होतं. कच्चा खेळाडू इथे हमखास चुकतो, आणि तोही शौर्य दाखवण्याच्या नादात. मुरलेला कव्हर कधीकधी हात मागे घेतो. प्रेक्षक त्याला भित्रा म्हणतात, प्रशिक्षक म्हणत नाही.

या माणसाचा भाऊबंद अमेरिकन फुटबॉलमध्ये आहे. तिथे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे पाच धिप्पाड गडी उभे राहतात. प्रतिस्पर्ध्यांना थोपवायचं, एवढंच त्यांचं काम. क्लीव्हलँड ब्राउन्सचा ज्यो थॉमस २००७ पासून २०१७ पर्यंत डाव्या टोकाला उभा राहिला आणि सलग १०,३६३ डावांत एकदाही बाहेर गेला नाही. दंडाचा स्नायू फाटला तेव्हाच ही मालिका तुटली. या काळात त्याच्या संघाने वीस क्वार्टरबॅक बदलले, आणि त्याच्या वाट्याला बाद फेरीचा एकही सामना आला नाही. तरीही २०२३ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. फरक वजनाचा. थॉमससारख्यांना १४० किलोच्या आसपास टिकून राहण्यासाठी पोट फुटेस्तोवर खावं लागतं. प्रो कबड्डीत मात्र ८५ किलोची मर्यादा. अंगात ताकद हवी आणि काट्यावर ती दिसता कामा नये, अशी कव्हरची कुचंबणा.

महाराष्ट्रात या जागेचं नाव घ्यायचं तर विशाल मानेचं. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा यू मुंबाच्या बचावात मधल्या जागांवर तो आणि जीवा कुमार, कोपऱ्यात मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा, अशी चौकडी जमली. पुढच्याच वर्षी यू मुंबाने बंगळुरूला ३६-३० असं हरवून विजेतेपद घेतलं. त्या संघाचा चेहरा अनुप कुमार होता, आणि ते योग्यच. पण त्या सामन्यांचं चित्रण पुन्हा पाहिलं, तर विशाल माने कितीतरी वेळा मॅटच्या कडेला कोणाच्या तरी अंगावर पडलेला दिसतो. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं नमवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद परत आणलं. कर्णधार रिशांक देवाडिगा चढाईपटू. बचावात कोपऱ्यात कल्याणचा गिरीश इरनक आणि मध्ये पुन्हा विशाल माने.

लिलाव येण्याआधी या मंडळींची कारकीर्द नोकरीवर उभी असे. किशोर गट, कुमार गट, जिल्हा, राज्य, आणि मग बँक, रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या कंपनीच्या संघातली जागा. आता लिलाव आहे, आणि तिथेही बचावाचा भाव वधारला. दहाव्या हंगामाच्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख रुपये लावले. पण तो कोपऱ्यातला. त्या संघाचे कव्हर होते तमिळनाडूचा अबिनेश नादराजन आणि महाराष्ट्राचा संकेत सावंत. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला त्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पलटणने हरियाणाला २८-२५ असं हरवलं. दोन्ही संघांना तिशी गाठता आली नाही, यावरूनच बचाव कसा झाला ते कळावं. दुसऱ्या दिवशी चर्चा मात्र पंकज मोहितेने एकाच चढाईत टिपलेल्या चार गड्यांची.

कव्हरच्या पायाखालची जागा किती नाजूक असते, ते ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझाउला सगळ्या आशियाने पाहिलं. आशियाई क्रीडा स्पर्धेची अंतिम लढत, भारत आणि इराण २८-२८, सामना संपायला थोडाच वेळ उरलेला. भारताच्या संघात आकाश शिंदे आणि अस्लम इनामदार हे पुण्याकडून खेळणारे दोघेही होते. पवन सेहरावत चढाईत कोणाला स्पर्श होण्याआधीच बाजूच्या राखीव क्षेत्रात गेला, आणि त्याला धरायला इराणचे बचावपटू त्याच्यामागोमाग आत शिरले. स्पर्शाशिवाय तिथे जाणारा बाद, हा एक नियम. मग त्याच्यामागे गेलेल्यांचं काय, यावर दोन नियमपुस्तकांत दोन उत्तरं. आधी एक निर्णय, मग दुसरा, पुन्हा पहिला. खेळाडू मॅटवर बसून राहिले, सामना तासभर थांबला. अखेर भारताला तीन आणि इराणला एक गुण देण्यात आला आणि भारताने ३३-२९ असं सुवर्ण जिंकलं.