फिरत्या घरातील ऊन पाणी

माघाच्या महिन्यात चिंचलीच्या मायाक्काच्या किंवा सौंदत्तीच्या यल्लमाच्या यात्रेला बैलगाड्या जुंपून निघणारी कुटुंबे आपल्या सीमाभागाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. गाडीखाली अंथरूण, शेजारी तीन दगडांची चूल आणि पहाटे त्या चुलीवर तापणारा पाण्याचा हंडा, एवढ्यावर चार-आठ दिवसांचा संसार सुखाने होत असे. आता त्याच हौसेचे नवे रूप रस्त्यावर दिसू लागले आहे. लहान बसच्या किंवा मालवाहू व्हॅनच्या पोटात बिछाना, ओटा आणि मोरी बसवून तिला फिरते घर करावयाचे, ही कल्पना आपल्याकडे रुजत आहे. शेजारच्या महाराष्ट्र शासनाने २०२१ साली या प्रकारच्या पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. असे वाहन सजविताना बिछान्याचा विचार प्रथम होतो, स्वयंपाकाचा त्यानंतर आणि ऊन पाण्याचा अगदी शेवटी. मग राहिलेल्या कोपऱ्यात जे मावेल ते बसविले जाते. वस्तुतः प्राणाशी गाठ असलेला भाग हाच आहे.

प्रथम आपली गरज किती, हे पाहावे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. पौष-माघात येथील रात्रीचे तापमान साधारण तेरा-चौदा अंशांपर्यंत उतरते. एखाद्या वर्षी ते दहाच्या आसपासही जाते. खानापूर, जांबोटी, चोर्ला, आंबोली या बाजूस दवाचा ओलावा अधिक. ही थंडी बोचणारी खरी, पण जीवघेणी नव्हे. वाहनाच्या पत्र्याला आतून उष्णतारोधक अस्तर असेल आणि अंगावर चांगले घोंगडे असेल, तर आपल्या मुलखात हवा तापविणाऱ्या यंत्रावाचून खुशाल झोपता येते. पाश्चात्त्य देशांतील वाहने पाहून जो तो प्रथम हीटरची चौकशी करतो, ते मला अनाठायी वाटते. आपली खरी अडचण पहाटेच्या स्नानाची. घरातील वडीलधाऱ्यांना बरोबर न्यावयाचे, तर त्यांना गार पाण्याने स्नान घाला असे कोण म्हणेल?

आता थोडे गणित करू. एका माणसाच्या स्नानाला पंधरा लिटर पाणी धरा. ते वीस अंशांवरून बेचाळीस अंशांवर न्यावयाचे, म्हणजे बावीस अंशांची वाढ. यासाठी सुमारे ०.३८ युनिट वीज लागते. आकडा लहान दिसतो. पण फिरत्या घरात वीज बॅटरीची असते. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत सगळी मिळून १.२ युनिट वीज मावते. म्हणजे एका स्नानात तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा खर्ची पडला. शिसे-आम्लाची जुनी बॅटरी असेल, तर ती निम्म्याहून अधिक रिकामी करू नये असा दंडक आहे. तेव्हा दोघांच्या स्नानालाही ती पुरणार नाही. छतावर तीनशे वॉटचे सौर पटल असेल, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी सव्वा युनिटच्या आसपास वीज मिळावी. पण त्यातच पंखा, दिवे आणि शीतकपाटही चालवावयाचे असते. आषाढ-श्रावणात खानापूरच्या रानात मुक्काम असेल, तर त्या पटलाची आशा सोडलेलीच बरी. सारांश, बॅटरीवर पाणी तापविणे हा सर्वांत सोपा दिसणारा आणि सर्वांत महाग पडणारा मार्ग आहे. मुक्कामाच्या ठिकाणी विजेचे कनेक्शन मिळत असेल, तेथे विजेची कांडी चालेल. मात्र तेथील अर्थिंग नीट आहे याची खात्री करून घ्यावी.

गॅसचे तसे नाही. वरील पंधरा लिटर पाणी साध्या शेगडीवर पातेल्यात तापविले आणि निम्मी उष्णता वाया गेली असे धरले, तरी साठ ग्रॅम गॅस पुरतो. पाच किलोच्या लहान सिलिंडरात ऐंशी स्नाने होतील! वर्षाकाठी आठ-दहा रात्रीच बाहेर काढणाऱ्या कुटुंबाने याच्यापुढे जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाहनाच्या बाहेर, ताडपत्रीच्या आडोशाला शेगडी मांडावी, झाकण घालून पाणी तापवावे आणि बादलीत विसण घालून न्यावे. यात्रेकरूंची चूलच ही, केवळ दगडांच्या जागी लोखंड आले.

परंतु हीच ज्योत गाडीच्या आत आली की सारे चित्र पालटते. घरी न्हाणीघरात बसवितात तो गॅसचा गीझर मिनिटाला सहा लिटर पाणी ऊन करतो, तेव्हा त्याच्या पोटात बारा किलोवॉटच्या जवळपास उष्णता जळत असते. बंद वाहनातील हवा त्या मानाने मूठभर. प्राणवायू कमी पडला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, झोप येते. आणि झोप आली की माणूस स्वतःहून बाहेर पडू शकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या अशाच एका फिरत्या घरात दोघे जण मृत आढळले. कालिकतच्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी त्या वाहनात प्रत्यक्ष प्रयोग करून कारण शोधले. वाहनातील विद्युत जनित्राचा धूर तळाच्या छिद्रातून आत शिरला होता. म्हणजे ज्योत डोळ्यांसमोर असावीच लागते असे नाही, जळणाऱ्या वायूला एक छिद्र पुरते. थंडीत दारे लावून कोळशाची शेगडी जवळ ओढण्याची आपल्याकडील सवय तर याहून धोक्याची.

मग सुरक्षित काय? ज्याने आपल्याकडील तांब्याचा बंब पाहिला आहे, त्याला हे तत्त्व चटकन उमजेल. बंबाच्या मध्यभागी नळकांडे असते. विस्तव त्यात जळतो, धूर त्याच नळकांड्यातून वर जातो आणि पाणी भोवताली राहून तापते. आग आणि पाणी शेजारी असूनही एकमेकांना भेटत नाहीत. चांगल्या वाहनातील प्रत्येक उष्णता-साधन याच न्यायाने चालले पाहिजे. ज्वलनाला हवा बाहेरून यावी, धूर बाहेर जावा आणि आत यावी ती केवळ ऊब.

यातही एक साधन असे आहे की, त्याला वेगळी आगच लागत नाही. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनापैकी साधारण एक तृतीयांश उष्णता थंडाव्याच्या पाण्यात उतरते आणि रेडिएटरमधून वाऱ्यावर जाते. हे पाणी पंचाऐंशी-नव्वद अंशांचे असते. त्याची एक वेटोळी नळी दहा-पंधरा लिटरच्या स्टेनलेस पोलादाच्या टाकीतून फिरविली की स्नानाचे पाणी फुकट तापते. बेळगावहून निपाणी सुमारे पंचाहत्तर किलोमीटर; तवंदीचा घाट उतरेपर्यंत टाकी सहज सत्तर अंशांवर गेलेली असते. सत्तर अंशांचे दहा लिटर पाणी वीस अंशांच्या पाण्यात मिसळले, तर बेचाळीस अंशांचे बावीस लिटर मिळते. म्हणजे पंधरा लिटरच्या टाकीत दोन माणसांची स्नाने झाली. रोज थोडा प्रवास करणाऱ्याला याहून उत्तम योजना मला माहीत नाही. उणीव एकच: एके ठिकाणी दोन दिवस तळ ठोकला की टाकी गार. अशा वेळेसाठी तिच्यात विजेची लहान कांडीही बसवून घ्यावी, किंवा पातेले बरोबर असू द्यावे.

अशी टाकी जोडणारे कारागीर बेळगावच्या उद्यमबागेत मिळणे अवघड नाही. मात्र दोन गोष्टी त्यांना आवर्जून सांगाव्यात. एक म्हणजे दाब सोडणारी झडप. तापलेले पाणी फुगते आणि त्याला वाट लागते. दुसरी म्हणजे गार-ऊन पाणी आपोआप मिसळणारी तोटी. नाही तर लेकराने नळ सोडला आणि अंगावर सत्तर अंशांचे पाणी आले, असे व्हावयाचे. पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत बोअरचे क्षारयुक्त पाणी भराल तर नळीवर पांढरा थर धरतो, तोही अधूनमधून काढावा लागतो.

हिमालयाकडे जाण्याचा बेत असेल तर गोष्ट निराळी. तेथे हवा तापविणारे डिझेलचे यंत्र हवेच. दोन किलोवॉटचे यंत्र मंद चालविल्यास रात्रभरात लिटरभराच्या आसपास डिझेल घेते. पेटताना मात्र काही मिनिटे दहा अँपिअरच्या घरात वीज ओढते, म्हणून बॅटरी सशक्त हवी. विरळ हवेत ते काजळी धरते, तेव्हा उंचीप्रमाणे इंधन कमी करण्याची सोय त्यात आहे की नाही, हे घेतानाच पाहावे. गॅसवर तेथे विसंबू नये. त्यातील ब्यूटेन शून्य अंशाखाली वायुरूप होतच नाही. लडाखसाठी न गोठणारे डिझेल इंडियन ऑइलने २०१९ साली बाजारात आणले.

धुराड्याविना जळणारा गॅसचा हीटर आणखी एका कारणाने त्याज्य आहे. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफरूपाने हवेत येते. दोन माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्धा लिटर येते ते वेगळेच. हे सारे गार पत्र्यावर दहिवरते, अस्तर भिजते आणि पत्रा गंजतो. म्हणून थंडी असली तरी छताचे एक झरोके उघडे ठेवावे.

सिलिंडरचे कपाट आतील भागापासून पूर्ण बंद असावे आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारे भोक असावे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे लहान यंत्र उशाजवळ लावावे. वाहनात असे बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची संमती घ्यावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम याविषयी कडक आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ते अधोरेखित केले आहे.

टाकी बसवून झाली की लांबच्या प्रवासाला निघण्याआधी एकदा निपाणीपर्यंत जाऊन यावे. परतल्यावर टाकीतील पाण्याचे तापमान मोजून लिहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, नळ न उघडता, पुन्हा मोजावे. ते पंचेचाळीस अंशांच्या खाली गेले असेल, तर टाकीभोवतीचे अस्तर कमी पडले. ते दुप्पट करून मगच पैसे चुकते करावेत.